मलनिःसारण वाहिन्यांची देखभाल (मुंबई)

सांडपाण्याच्या भूमिगत वाहिन्या तुंबू वा खचू न देण्याचे काम. मुंबईत ते महानगरपालिका करते. कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप व घाटकोपर असे मलनिःसारणाचे सात विभाग असून पावसाळी पाण्याचे जाळे वेगळे आहे. वाहिन्यांना उतार असतो. त्या फार खोल गेल्या की उदंचन केंद्र पाणी वर उचलते. वेग मंदावला की गाळ व तेलकट थर साचतो. कुजणाऱ्या मळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. वाहिनीच्या ओलसर छतावर जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि काँक्रीट आतून झिजते. रस्त्यावरून यातले काहीच दिसत नाही, म्हणून कॅमेरा आत सोडून पाहणी करतात. उच्चदाबाच्या जलझोताने सुटा केलेला गाळ शोषणयंत्राने ओढून घेतात; जीर्ण वाहिनीला रस्ता न खोदता आतून अस्तरही लावता येते.

हायड्रोजन सल्फाइड हाच वायू मॅनहोलमध्ये उतरलेल्या माणसाला काही क्षणांत बेशुद्ध करू शकतो. संरक्षक साधनांविना कामगाराला आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वाहिन्यांत उतरून मरण पावलेल्या कामगारांच्या वारसांची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. तरीही देशभर असे मृत्यू होतच आहेत, आणि मरणारे प्रामुख्याने दलित जातींतील कंत्राटी कामगार आहेत.