कोकणच्या आगबोट कंपन्या

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रत्नागिरी जिल्ह्याचा मुंबईशी मुख्य संबंध आगबोटीने राहिला. शेफर्ड कंपनीच्या बोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरे घेत वेंगुर्ल्याकडे जात. पुढे हा धंदा बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या हाती आला. तिचा कारभार किलिक निक्सन ही मुंबईची इंग्रज पेढी पाही.

बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकी आणि उतारू पडावात बसून तिच्याजवळ जात. लाटेवर पडाव वर आला की खलाशी हात धरून माणसाला शिडीवर ओढून घेत; ट्रंका, बोचकी, हापूसच्या पेट्या मागून चढत. पावसाळ्यात ही वाहतूक बंदच असे. गिरणीतल्या चाकरमान्याचे शिमग्याला घरी येणे या वेळापत्रकावर अवलंबून होते.

या इंग्रजी मक्तेदारीला उत्तर म्हणून स्वदेशीच्या प्रेरणेने इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. बोटींना तिने तुकाराम, रामदास, सेंट अँथनी अशी संतांची नावे दिली. हिंदू आणि ख्रिस्ती उतारूंना सारखीच आपली वाटेल अशी ही योजना होती. पण दैव या कंपनीवर फार कठोर झाले. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणाच्या आठवणीत त्या कंपनीपेक्षा ही बोटच जास्त काळ राहिली.

बॉम्बे स्टीम त्याआधीच, १९३९ मध्ये, वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीकडे गेली होती. स्वातंत्र्यानंतर रस्ते सुधारले, एस.टी. गावोगाव पोहोचली आणि बोटीचे उतारू घटू लागले. १९६० च्या दशकात चौगुले कंपनीने ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी आणल्या. पुढे ही सेवा सरकारी मोगल लाइनकडे गेली, आणि १९८६ मध्ये मोगल लाइनच शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबई-गोवा बोट थांबली.

रेल्वेने बोट संपवली असे सर्रास म्हटले जाते, ते बरोबर नाही. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ मध्ये. तोवर रत्नागिरीच्या बंदरात उतारूंची आगबोट येणे कधीच बंद झाले होते.