ओकव्हिल

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील नापा खोऱ्यात वसलेली छोटी वस्ती. २०१० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या अवघी ७१. येथे नगरपालिका नाही; कारभार नापा काउंटीकडे आहे. हॅमिल्टन क्रॅब यांनी १८६८ मध्ये येथे जमीन घेऊन द्राक्षलागवड केली. त्यातूनच ‘टो कॅलॉन’ हा विख्यात मळा नावारूपास आला. १९६६ मध्ये रॉबर्ट मोंडावी यांनी येथे वाइननिर्मिती सुरू केली. कॅबर्ने सोव्हिन्यॉ या काळ्या द्राक्षांच्या वाइनसाठी ओकव्हिल प्रसिद्ध आहे. शहरी वस्तीचे आक्रमण रोखण्यासाठी काउंटीने १९६८ मध्ये खोऱ्यातील शेतजमीन राखीव केली. जमिनीच्या तुकड्याची किमान मर्यादा प्रथम २० एकर, पुढे ४० एकर ठरली. परिणामी मळे टिकले. गाव मात्र लहानच राहिले.