दीड एकरावरचा जेम्स रूस

सिडनीतल्या भारतीय पालकांना जेम्स रूस हे नाव चांगले ठाऊक असते, पण ते एका शाळेचे म्हणून. प्रवेशपरीक्षेतून मुले घेणारी ही सरकारी कृषी शाळा; तिच्यासाठी इथे शिकवण्या लावतात. हा माणूस कोण होता, हे विचारणारे मला फार कमी भेटले. स्मरणिकेसाठी त्याच्यावर लिहितो आहे, कारण आपल्या वर्गातली निम्मी मुले शेतकऱ्यांच्या घरची. त्याची शेती आपल्याला कळेल.

रूस इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा. 1782 मध्ये घरफोडीसाठी त्याला फाशीची शिक्षा झाली, पुढे तिची सात वर्षांची हद्दपारी झाली. जानेवारी 1788 मध्ये कैद्यांच्या पहिल्या ताफ्याबरोबर तो इथे पोहोचला. वसाहतीत हजारभर माणसे, पण शेती जाणणारी मोजकीच. पहिली पेरणी जवळजवळ वाया गेली आणि शिधा घटत चालला. माझी मुदत भरली, मला जमीन द्या, असे रूस म्हणू लागला, तर शिक्षेची कागदपत्रे इंग्लंडमध्येच राहिलेली! अखेर नोव्हेंबर 1789 मध्ये गव्हर्नर आर्थर फिलिपने त्याला पॅरामॅटाजवळ दीड एकर कसायला दिली. सरकारी शिध्याविना एक कुटुंब किती काळात उभे राहते, ते त्याला पाहायचे होते.

नांगर नाही, शेणखत नाही, हातात कुदळ. आपण काय केले ते रूसने वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याला सांगितले आणि टेंचने ते लिहून ठेवले. तोडलेली झाडे जागेवरच जाळायची, राख मातीत खणून मिसळायची, ढेकळे फोडून जमीन उन्हावाऱ्यात तशीच पडू द्यायची, पेरणीआधी पुन्हा उलथायची. पेंढा आणि कुजेल ते सगळे खड्ड्यात पुरून खत करायचे. आपल्याकडे राब भाजलेल्या आणि उकिरडा राखलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. सरकारी शेतावर जमीन नुसती ओरबाडतात, हेही त्याने ऐकवले. हा माणूस मला आवडतो तो इथे.

गहू आणि मका आला. फेब्रुवारी 1791 मध्ये, आता माझे मी भागवतो, असे त्याने कळवले. मग त्याला 30 एकर मिळाली. वसाहतीतले हे पहिले जमीनदान.

‘मिळाली’ हा शब्द मात्र जपून वाचावा. ती जमीन दारुग लोकांपैकी बुरामट्टगल यांची होती. पॅरामॅटा हे नावही त्यांच्याकडूनच आले. रूसने 1793 मध्ये शेत जॉन हॅरिस या डॉक्टरला 40 पौंडांना विकले आणि पुढच्या वर्षी हॉक्सबरी नदीकाठी गेलेल्या पहिल्या 22 जणांत तो होता. त्या गाळाच्या काठावर दारुग लोक कंद काढून खात. तिथे मका उभा राहिला, कंद गेले, आणि थोड्याच काळात दोन्हीकडची माणसे मारली जाऊ लागली.

हॅरिसच्या नावावरून ती वस्ती हॅरिस पार्क झाली. आज तिथे डोशाची, मिठाईची दुकाने आहेत. आम्ही दिवाळीचे सामान तिथूनच आणतो.

रूसची जमीन पुढे टिकली नाही. उतारवयात तो दुसऱ्याच्या शेतावर मुकादम होता. 1837 मध्ये वारला, कॅम्पबेलटाउनला पुरला. थडग्यावरचा दगड त्याने स्वतःच कोरला म्हणतात. या वसाहतीत पहिले धान्य आपण पेरले, असे त्यावर अशुद्ध इंग्रजीत लिहिले आहे.