खाली दुकान, वर बिऱ्हाड

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. निमित्त पालघरच्या घराचं. नातेवाईक मंडळींच्या लक्षात आलंच असेल! बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. बाजारपेठेत आमचं जुनं घर आहे, खाली दुकान, वर बिऱ्हाड. आता बिल्डर म्हणतो, हे पाडा. खाली गाळे काढू, वर फ्लॅट. घरात दोन तट पडलेत. काकू म्हणतात, माझ्या डोळ्यांदेखत नको. चुलतभाऊ म्हणतो, पावसाळ्यात बादल्या मांडायला तू येतोस का बोईसरहून?

या सगळ्यात मला सारखी एक इमारत आठवते. नोकरीच्या दिवसांत शटलने विरार, तिथून लोकलने चर्चगेट असा प्रवास असायचा (डहाणू लोकल आली २०१३ मध्ये). काळा घोड्याजवळ एका कळकट इमारतीच्या कमानींखालून जायचो. एस्प्लनेड मॅन्शन. मूळचं वॉटसन्स हॉटेल.

जॉन वॉटसनने १८६० च्या दशकात ती बांधली. सगळा सांगाडा ओतीव लोखंडाचा. तो इंग्लंडमध्ये तयार झाला, जहाजाने आला आणि इथे जोडला गेला. आराखडा रोलंड ऑर्डिश या इंजिनिअरचा. १८७१ मध्ये हॉटेल सुरू झालं. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दिसली ती इथेच, पॅरिसच्या खेळानंतर जेमतेम सहा महिन्यांनी. त्याच वर्षी मार्क ट्वेनही इथे राहून गेला.

पुढे ताजमहाल हॉटेल आलं (१९०३) आणि वॉटसन्सची रया गेली. १९६० च्या दशकापर्यंत हॉटेल बंद होऊन खोल्यांचे तुकडे पडले. कुठे बिऱ्हाड, कुठे दुकान, तर कुठे समोरच्या कोर्टातल्या वकिलांची ऑफिसं. म्हणजे राहणं आणि धंदा एकाच छपराखाली, आपल्या घरासारखंच की!

मग बिघडलं कुठे? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली जुनी भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. महागाईत लोकांच्या डोक्यावरचं छप्पर टिकलं, हे खरंच. पण तेवढ्या भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि घर आपल्या नावावर नाही म्हणून भाडेकरू खर्च करीना. पार्टिशनं वाढली, पाणी मुरत राहिलं. २००५ मध्ये बाल्कनीचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. जगभरातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या २००६ च्या यादीत तिचं नाव आलं. २०१९ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. पाडायची की वाचवायची, हा वाद कोर्टापर्यंत गेला.

दुकान आणि बिऱ्हाड एकत्र होतं म्हणून ती खचली नाही. कौल फुटला तर पैसे कोणी द्यायचे, हे कधीच ठरलं नव्हतं, म्हणून खचली.

आणि इथे मला गप्प बसवत नाही. आमच्या घराची वर्गणी मी किती वर्षं दिली नाही, हे भाऊ मोठ्या मनाने बोलत नाही. बोईसरला फ्लॅट झाल्यावर पालघरचं घर माझ्यासाठी गणपतीपुरतं उरलं. 'वारसा' म्हणायला मी पुढे, कौल चाळायला तो!

म्हणून नातेवाईकांना जाहीर विनंती. सही करण्याआधी एका इंजिनिअरकडून घराची तपासणी करून घेऊ. सागवानी खांब धड असतील तर दुरुस्तीचा अंदाज काढू, माझा वाटा मागच्या बाकीसकट देईन. खांब गेले असतील तर मी हट्ट धरणार नाही. पण मग करारात दोन गोष्टी हव्यातच: देखभालीचा वेगळा निधी, आणि खालच्या टेलरमामांना नव्या इमारतीत रस्त्यालगतचा गाळा. चाळीस वर्षं ते भाडं देतायत, आणि आपण इतके जण असून त्यांना अजून कोणी विचारलेलंही नाही.

असो. काकू, रविवारी येतोय. बादल्या मी मांडेन.