‘शीळ’ कुणाची?

मराठी भावगीताचा आरंभ ज्या ध्वनिमुद्रिकेपासून मानतात, ती ‘शीळ’ ही कविता ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांची. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे हे कवी पेशाने वकील. १९३०च्या दशकाच्या आरंभी जी. एन. जोशींनी ती गायिली. ‘शीळ’ हा संग्रह निघाला १९५४ साली. १९१४च्या कायद्यानुसार तबकडीचा स्वामित्वहक्क निर्मात्याचा असे. ध्वनिमुद्रणातील शब्दकाराचा मानधनातील समान वाटा करारानेही हिरावता येणार नाही, ही तरतूद २०१२ साली आली. कवितेवरील हक्क २०६०अखेर संपेल. भावगीताचा इतिहास आपण गायकांच्या नावांनी शिकवतो. कायद्याने उशिरा मान्य केलेला शब्दकाराचा वाटा अभ्यासक्रमानेही मान्य करायला हवा.