मंजुरी आधी, पुरावा नंतर

माझ्या पलटणीतला एक हवालदार मणक्याच्या दुखापतीमुळे कित्येक वर्षं व्हीलचेअरवर आहे. परवा त्याचा फोन आला. "साहेब, जपाननं स्टेम सेलला मंजुरी दिलीय म्हणे. जमीन विकून जाऊ का?"

म्हणून आज जपानचा इतिहास. 2014 मध्ये तिथं नवा कायदा लागू झाला. उपचार सुरक्षित आहे आणि गुण येईल असं वाटलं, की मुदतीची मंजुरी. पक्का पुरावा नंतर. 2015 मध्ये निकामी होत चाललेल्या हृदयावर लावायच्या पेशींच्या पट्टीला अशी मंजुरी मिळाली, अवघ्या 7 रुग्णांच्या चाचणीवर. गुण सिद्ध झाला नाही, असं तज्ज्ञ समितीनं 2024 मध्ये सांगितलं. तोवर 9 वर्षं गेली होती. 2018 मध्ये मणक्याच्या उपचाराला 13 रुग्णांवर मंजुरी मिळाली. तोही ताज्या दुखापतीसाठी, आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता. ताज्या दुखापतीत काही जण आपोआपही सुधारतात.

घाई मला कळते. फौजेत अर्धवट खबरीवरही चाल करावी लागते. पण खबर अर्धवट आहे, हे जवानांना सांगावं लागतं. प्रयोग असेल तर प्रयोगच म्हणा, आणि रुग्णाकडून पैसे घेऊ नका.

हवालदाराला म्हटलं, "जमीन राहू दे. तुझ्यासारख्यांसाठी रीतसर चाचणी निघाली, तर मी स्वतः तुला घेऊन जाईन."