वज्रेश्वरीचीं उन्हाळीं व आयुर्वेदांतील स्नानविधि

ठाणें जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यांत तानसा नदीच्या कांठीं वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी हीं गांवें एकमेकांच्या निकट वसलेलीं असून तेथें नदीच्या पात्रांत व कांठावर उष्णोदकाचे अनेक झरे आहेत. अशा झऱ्यास कोंकणांत ‘उन्हाळें’ म्हणतात. या उन्हाळ्यांवर दगडी कुंडें बांधलेलीं असून सूर्य, चंद्र, अग्नि, वायु अशीं नांवें त्यांस मिळालेलीं आहेत. संधिवात, अंगदुखी व त्वग्रोग यांवर येथील स्नान गुणकारी आहे अशी समजूत दूरवर रूढ आहे. आणि तिचा आधार विचारला असतां ‘आयुर्वेदांत सांगितलें आहे’ असें उत्तर बहुधा मिळतें. हें उत्तर ग्रंथांशीं कितपत जुळतें, एवढेंच प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे. प्रश्न केवळ पंडिती नाहीं. ग्रंथाच्या नांवावर विश्वासून व्याधिग्रस्त मनुष्य पाण्यांत उतरतो, म्हणून ग्रंथ काय म्हणतात हें त्यास नीट सांगणें अवश्य आहे.

(१) प्रथम इतिहास. वसईच्या मोहिमेंत चिमाजी आप्पांनीं देवीस नवस केला व किल्ला हातीं आल्यावर सुभेदार शंकराजी केशव फडके यांजकडून तटबंदीचें हें देवालय बांधविलें, ही परंपरा सुप्रसिद्ध आहे. देवीचें मूळ स्थान वाडें तालुक्यांतील गुंज येथें होतें असेंही सांगतात. वसई मे १७३९ मध्यें मराठ्यांच्या हातीं आली. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. नवस विजयाचा आहे, आरोग्याचा नव्हे. चिमाजी आप्पांची प्रकृति पूर्वींपासूनच अशक्त होती व विजयास दोन वर्षें पुरीं होण्याच्या आंतच, डिसेंबर १७४० मध्यें, त्यांचा अंत झाला. परंतु नवसाच्या कथेंत त्यांच्या प्रकृतीचा उल्लेख येत नाहीं. दुसरी कथा झऱ्यांची. देवीनें मारलेल्या दैत्यांचें रक्त म्हणजेच हें ऊन पाणी, असें लोक सांगतात. या कथेंतही उष्णतेचा उलगडा आहे, रोगनिवारण नाहीं. तात्पर्य, देवीची कीर्ति व पाण्याची कीर्ति हे दोन निराळे धागे असून एकाच स्थळीं असल्यामुळें ते एकमेकांत गुंतले आहेत. १८८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ठाणें जिल्ह्याच्या ग्याझेटियरांत देवालय व झरे या दोहोंचीही नोंद आहे.

(२) उष्णतेचें कारण आतां भूगर्भशास्त्रानें स्पष्ट केलें आहे. पालघर जिल्ह्यांतील कोकनेर व सातिवली येथपासून रत्नागिरी जिल्ह्यांतील तुरळ, राजवाडी व राजापूर येथपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशीं उन्हाळ्यांची एक ओळच आहे. पावसाचें पाणी काळ्या दगडाच्या भेगांतून खोल जातें, तेथें तापतें व दुसऱ्या भेगेनें वर येतें. जिवंत ज्वालामुखीचा यांत संबंध नाहीं. अकलोली-गणेशपुरीकडील पाणी सुमारें पन्नास अंश सेंटिग्रेडपर्यंत ऊन असतें. लोक त्याचा गुण गंधकाचा समजतात. तथापि रासायनिक पृथक्करणांत या पाण्यांत मुख्यत्वें क्षार, विशेषतः क्लोराइडें, आढळतात.

(३) आतां ग्रंथ पाहूं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत भूमीवरील पाण्याचे सात प्रकार सांगितले आहेत: कौप, नादेय, सारस, ताडाग, प्रास्रवण, औद्भिद व चौण्ट्य. उन्हाळ्याचें पाणी भूमि फोडून वर येतें म्हणून त्यास फार तर औद्भिदांत घालतां येईल. स्वभावतः ऊन असलेल्या पाण्यास या सातांत स्वतंत्र स्थान नाहीं. म्हणजे ‘अमुक झऱ्याचें पाणी अमुक रोग घालवितें’ असें वचन या गणनेंतून निघत नाहीं.

आधार आहे तो दुसऱ्या प्रकरणांत, म्हणजे स्वेदविधींत. चरकानें सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायांत स्वेदाचे तेरा प्रकार दिले आहेत. त्यांत अवगाह, म्हणजे ऊन द्रवांत बसणें, हा एक आहे. सुश्रुताच्या चार प्रकारांत तोच द्रवस्वेदाखालीं येतो. वातानें आलेला ताठरपणा, जडपणा व सांध्यांचें दुखणें यांवर स्वेद विहित आहे. संधिवाताच्या रोग्यास उन्हाळ्यांत बरें वाटतें, या लोकानुभवास येथें खरा शास्त्राधार मिळतो. परंतु चरकाचा अवगाह हा वातहर काढ्याचा, दुधाचा, तेलाचा, तुपाचा, मांसरसाचा वा ऊन पाण्याचा असून त्यापूर्वीं स्नेहन अवश्य आहे. शिवाय थांबावें केव्हां हेंही त्यानें सांगितलें आहे: थंडी व वेदना गेली, ताठरपणा व जडपणा उतरला, अंग मऊ होऊन घाम आला, कीं स्वेद पुरा झाला. पुढें गेल्यास पित्तप्रकोप, मूर्च्छा, तृष्णा, दाह व अंगाची दुर्बलता हीं लक्षणें होतात. गर्भिणी, रक्तपित्ती, अतिसारी, मधुमेही, क्षत व दुर्बल यांस तर स्वेद निषिद्धच आहे.

वाग्भटाचें दिनचर्याप्रकरण याहून सर्वांच्या नित्य उपयोगाचें आहे. स्नानानें कंडू, मळ, श्रम, घाम व तंद्रा जातात, असें सांगून तो लगेच भेद करितो: ऊन पाण्याचें सिंचन शरीराच्या अधोभागास बळ देतें, मस्तकावर तेंच केसांचें व डोळ्यांचें बळ हरण करितें. अर्दित, नेत्र, मुख व कर्ण यांचे रोग, अतिसार, पोटफुगी, पडसें, अजीर्ण यांत, तसेंच भोजन झाल्यावर स्नान वर्ज्य आहे. जेवून कुंडांत उतरणारांनीं हें वचन अवश्य ध्यानांत घ्यावें.

त्वग्रोगाविषयीं तर सुश्रुताचें निदानस्थानांतील वचन उलट दिशेस जातें. अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकाच शय्येवर वा आसनावर असणें, दुसऱ्याचें वस्त्र, माला व उटणें वापरणें यांनीं कुष्ठ, ज्वर, शोष व नेत्राभिष्यंद एका मनुष्यापासून दुसऱ्याकडे जातात, असें तेथें स्पष्ट आहे. आणि कुष्ठ या संज्ञेखालीं त्या ग्रंथांत अनेक त्वग्रोग येतात. एका कुंडांत अनेकांनीं एकत्र स्नान करण्यास हा आधार नव्हे, इशारा आहे.

(४) हे ग्रंथ ठाण्याच्या इतिहासास परके नाहींत. अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिणारा हेमाद्रि हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादवांचा मंत्री होय. याच महादेवानें १२६५ च्या सुमारास शिलाहार सोमेश्वराचा पाडाव करून उत्तर कोंकण घेतलें, व रामचंद्राच्या काळचे शके ११९४ व १२१२ चे ताम्रपट ठाण्यास सांपडले आहेत. तेव्हां वाग्भटाची दिनचर्या व ठाण्याचा कारभार हीं दोन्ही एका काळीं एकाच दरबाराच्या नजरेखालीं होतीं. हेमाद्रीची टीका अरुणदत्ताच्या टीकेसह निर्णयसागरानें १९३९ सालीं छापली असल्यामुळें वरील वचनें कोणासही ताडून पाहतां येतील.

(५) आधुनिक वैद्यकही उन्हाळ्यांत दक्षता घेण्यास सांगतें. पन्नास अंशांच्या पाण्यानें त्वचा भाजते. मधुमेह्याच्या पायांची संवेदना गेलेली असल्यास भाजलेलें त्यास कळतही नाहीं. ऊन गोड्या पाण्यांत राहणारा एक अतिसूक्ष्म जीव क्वचित् नाकावाटें मेंदूपर्यंत जातो व तसें झाल्यास बहुधा प्राणघातक होतो, म्हणून अशा पाण्यांत डोकें बुडवूं नये. वाग्भटानें मस्तकास ऊन पाणी वर्ज्य केलें तें मात्र केस व डोळे यांसाठीं. दोन निष्कर्ष जुळले म्हणून दोन कारणें एक होत नाहींत; प्राचीनांस सूक्ष्म जंतु ठाऊक होते असें यावरून सिद्ध करूं जाणें हा त्यांचा गौरव नव्हे, विपर्यास आहे.

यावरून निष्पन्न होतें तें असें. लोक गुण पाण्यास देतात. ग्रंथ विचार करितात तो स्नान करणाराचा. त्याची प्रकृति, त्याचा रोग, वेळ, शरीराचा भाग व थांबण्याचें लक्षण, हीं पांच पाहिल्यावांचून शास्त्र ऊन पाण्याचा उपयोग सांगत नाहीं. ‘आयुर्वेदांत सांगितलें आहे’ हें वाक्य अर्धें खरें आहे. उरलेलें अर्धें म्हणजे निषेधांची यादी, आणि नेमकी तीच कुंडापर्यंत पोंचलेली नाहीं.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक विनंती करावीशी वाटते. ठाणें, कल्याण व भिवंडी या भागांतील घरांत वैद्यकाचीं बाडें निघाल्यास त्यांतील पाठ केवळ ‘औषधें’ या एका सदराखालीं नोंदूं नयेत. स्नान, अभ्यंग, पथ्य व निषेध यांचीं पानें निराळीं दाखवावीं, व पाठ कोणत्या ग्रंथांतून उतरला आहे तें लिहावें. औषधाचा पाठ एका रोगापुरता असतो. घरांतील माणसें रोज कशीं वागत, हें या निषेधांच्या पानांवरूनच कळतें, आणि बाड जीर्ण झालें कीं आधीं तींच फेंकलीं जातात.